अज्जांच्या फोनवरचा चौथा चौकोन

डोळे मिटा पाहू. थोडा वेळच.

आता असं समजा, की तुम्ही तुमच्याच घरात बसला आहात आणि तुम्हाला तहान लागली आहे. समोर तांब्या दिसतोय, त्यावर पालथं घातलेलं फुलपात्रही दिसतंय. पाणी मागायला तुम्ही तोंड उघडता आणि तोंडातून शब्द येतो, 'छत्री'. घरातले चमकून बघतात. तुम्ही पुन्हा नेट लावून सांगता. या वेळी येतो, 'मंगळवार'. तोवर कोणीतरी धावत जाऊन छत्री आणून तुमच्या हातात देतं. तुम्ही वैतागून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायला जाता, तर तिथल्या अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्यांच्या रांगा.

उघडा डोळे. तुमचं हे खोटंखोटं होतं, ते संपलं. सोलापुरात भवानी पेठेत राहणाऱ्या गुरुबसप्पा अज्जांचं मात्र खरं होतं आणि डोळे कितीही चोळले तरी ते संपत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी अज्जांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात जरा लुळा पडला, तो हळूहळू सुधारत होता. पण शब्द आणि अक्षरं मेंदूच्या ज्या कोपऱ्यात राहतात, तो कोपराच विस्कटला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं सगळं. फक्त शब्द जागेवर सापडत नाहीत." अज्जांच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चालायच्या. दोन्ही भाषांच्या एवढ्या शब्दांतून अज्जांपाशी दोनच धड उरले होते : 'हौदू' म्हणजे हो आणि 'इल्ला' म्हणजे नाही.

अज्जांची नात शिवलीला सातवीत होती. अज्जांचं 'छत्री' म्हणजे पाणी आणि 'घोडा' म्हणजे चष्मा, हे तिला घरात सगळ्यांच्या आधी कळायला लागलं होतं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा ती पुस्तक उघडून बसली होती, पण पान काही उलटत नव्हतं.

बोलत होती दाक्षायणी आत्या, म्हणजे शिवलीलाच्या बाबांची थोरली बहीण. वडिलांच्या आजारपणासाठी ती अक्कलकोटकडच्या आपल्या गावाहून येऊन महिनाभर राहिली होती.

"महेश, मी अप्पांना घेऊनच जाते. तितं माणसं हायत, अंगण हाय. हितं तुमी सगळे बाहेर. एकटं कसं ठेवायचं?"

"त्यांना करमंल का तिकडं?" बाबा म्हणाले.

"करमायचं बघतोस व्हय! मागच्या आठवड्यात काय झालं ते इसरलास?"

कोणीच विसरलं नव्हतं. अज्जा न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. आत्या वर गच्चीवर वाळवण उलटत होती. तिला खालून अज्जांची हाक ऐकू येत होती, पण ती हाक होती, 'मंगळवार! मंगळवार!' आत्याला वाटलं, अप्पा वार मोजत बसलेत. चांगली दहा मिनिटं ते ओल्या फरशीवर पडून होते.

अडचण सोमवारची होती. आई शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला जायची. सोमवारपासून आला नाहीत तर दुसरी बाई बघतो, असं मालकांनी कळवलं होतं. बाबांचं काम लांब, कुंभारी गावातल्या गोदामात. शिवलीलाची शाळा अकरा ते पाच. आणि आत्याची चारची बस रविवारी.

"माझा कारखाना दहा मिनिटांवर आहे," आई हळूच म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामांना नुसता फोन करता आला असता, तर मी पळत आले असते."

"आता अक्षर वळखत न्हाईत, फोन कुटला करतेत, वहिनी!"

शिवलीलाने पुस्तक मिटलं. "मी करून देते," ती म्हणाली. "अज्जांना एका नजरेत कळेल असा फोन मी करून देते."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग अज्जांकडे पाहिलं. अज्जा भिंतीला टेकून बसले होते आणि 'इल्ला, इल्ला' म्हणत मान हलवत होते. त्यांना जायचं नव्हतं, हे कळायला शब्द लागत नव्हते.

"रविवारी दुपारपतोर बघ," आत्या म्हणाली. "जमलं न्हाई तर रडायचं न्हाई बघ. अप्पांचे कपडे मी माज्या पिशवीत भरून ठेवते."

बाबांचा एक जुना फोन कपाटात पडून होता. एका कोपऱ्याला तडा गेलेला, पण चालू. शिवलीलाने तो उघडला आणि पहिल्यांदाच अज्जांच्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बाप रे! चोवीस चित्रं. गाणी, बातम्या, हवामान, कुठल्या दुकानाची सवलत, वर सरकत जाणारी सूचनांची पट्टी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ही सगळी मुंग्यांचीच वारुळं. तिने एकेक करून सगळं काढून टाकलं. मग मोठे चौकोन ठेवता येतील आणि चौकोनावर बोट टेकवलं की थेट फोन लागेल, अशी सोय शोधून काढली. वर मोठं घड्याळ, काट्यांचं. त्याखाली चार चौकोन. तीन चौकोन तिघांचे : बाबा, आई, आत्या. चौथ्यात काय ठेवावं ते सुचेना, म्हणून तो काळा आणि रिकामाच राहिला.

शुक्रवारी तिने चौकोनांत नावं लिहिली, टपोऱ्या अक्षरांत. मनात कुठेतरी आशा होती, की मोठं केलं की वाचता येईल. अज्जांनी फोन नाकाजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. मग तिला वाईट वाटू नये म्हणून हसले आणि म्हणाले, "छत्री."

मुंगी केवढीही मोठी केली तरी ती मुंगीच राहते. शिवलीलाने रात्री अंथरुणात दिवस मोजले. दोन उरले होते.

शनिवारी सकाळची शाळा होती. घरी येताच तिने तिघांचे फोटो काढले. चेहरे तर अज्जा ओळखत होतेच! फोटो उठून दिसावेत म्हणून फोनमध्ये किनारीचे नमुने होते, त्यातला सर्वांत ठसठशीत तिने निवडला. केशरी झेंडूची फुलं, गोल गुंफलेली. काळ्या पडद्यावर झेंडूच्या गोलात आई, बाबा, आत्या असे झळकले की लांबून नजरेत भरावेत. ती खूश होऊन धावतच अज्जांकडे गेली.

अज्जांनी फोन हातात घेतला. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथे नागव्वा अज्जींचा फोटो होता, चार वर्षांपूर्वी लावलेला, झेंडूचा हार घातलेला. त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं. मग फोन मांडीवर ठेवला, लुळा हात दुसऱ्या हाताने उचलून दोन्ही हात कसेबसे जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अज्जा? अज्जा, काय झालं?"

ते धडपडत उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीला धरत गेले आणि भाकरी थापणाऱ्या आईचा पिठाचा हात त्यांनी घट्ट पकडला. सोडायलाच तयार होईनात. आत्या मागून आली, तिने फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो! जित्या माणसांना हार घातलास की गं!"

 शिवलीलाने घाईघाईने फुलं काढून टाकली, पण उशीर झाला होता. त्या दिवशी तिने फोन पुढे केला, की अज्जा तो दूर सारायचे. "इल्ला. इल्ला." आत्याने कोपऱ्यातली पिशवी पुढे ओढली आणि अज्जांची दोन धोतरं, बंडी आणि रोज कपाळी लावायच्या विभूतीची डबी तिच्यात ठेवली. विभूतीची डबी पाहिल्यावर शिवलीला गच्चीवर निघून गेली. रडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती फक्त वाळवणाच्या कापडाचं टोक बोटांना गुंडाळत बसली.

रविवारी सकाळी तिला हाक न मारताच जाग आली. बस चारला. घड्याळात सात वाजले होते.

अज्जा तिच्याआधी उठले होते आणि रोजचं काम करत बसले होते. घरातल्या सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालायच्या, हे काम त्यांचंच होतं. हात लुळा पडल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. त्याचं कारण होतं. अज्जांनी चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात नक्षीचं काम केलं होतं. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची, मग तिच्याप्रमाणे जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. ते पत्ते मागावर चढले, की भोकांप्रमाणे धागे वरखाली होतात आणि सुतातून मोर उमटतो. नवी चादर उतरली, की अज्जा ती दोरीवर टाकायचे आणि मोजून दहा पावलं मागे जायचे. शिवलीला लहान असताना तिलाही बोटाला धरून मागे न्यायचे. "इथून एका नजरेत मोर दिसला तर मोर," ते म्हणायचे. "डोळे बारीक करून शोधावा लागला, तर नुसती सुताची नासाडी."

त्या घरात प्रत्येकाची चादर ठरलेली. ती दुसऱ्याने पांघरायची नाही. शिवलीला अंथरुणात पडल्या पडल्या बघत राहिली. अज्जांनी लाल मोराची चादर घडी करून बाबांच्या उशीवर ठेवली. हिरव्या वेलीची आईच्या ट्रंकेवर. निळ्या चांदण्यांची, जी महिन्यापूर्वी आत्यासाठी बाहेर काढली होती, ती आत्याच्या पिशवीवर. एकदाही अडखळले नाहीत. एकदाही हात चुकला नाही.

शिवलीला ताडकन उठून बसली.

"अज्जा, थांबा! ती चादर पुन्हा उलगडा!"

तासाभरात तीन चौकोन भरले. लाल मोर, हिरवी वेल, निळ्या चांदण्या, आणि चौथा रिकामा. तिने बाबांना शेजारच्या खोलीत पाठवलं, आणि फोन अज्जांपुढे ठेवला. अज्जांनी मोराकडे पाहिलं. मोरावर बोट ठेवलं. शेजारच्या खोलीत बाबांचा फोन वाजला. या फोनमधून आवाज आला, "अप्पा, बोला."

अज्जांनी आधी फोनकडे पाहिलं, मग शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे, आणि लहान मुलासारखे खदखदून हसले. "हौदू! हौदू!"

जेवणं झाल्यावर सगळे परीक्षा घ्यायला बसले. आत्या अज्जांच्या समोर मांडी घालून बसली. "अप्पा, वहिनीला फोन लावा बघू."

अज्जांनी फोन पाहिला. शेजारी बसलेल्या आईला पाहिलं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत्याकडे असं बघितलं, की ही काय समोरच आहे की.

"फोन लावा, फोन. बोट ठेवा."

"इल्ला," अज्जा म्हणाले आणि हसले.

"बघ, न्हाई जमत त्यांना," आत्या बाबांना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच खरं वाटलं. बाबांनी मान खाली घातली आणि ते पिशवीकडे हात न्यायला लागले.

"आत्या, थांब ना!" शिवलीलाचा आवाज चिरकला. "आई समोर असताना ते आईला फोन कशाला करतील? तू केला असतास का? सगळ्यांनी बाहेर जाऊया. तीनला त्यांचा चहा असतो. चहा मिळाला नाही की ते बोलावतील."

"आन् न्हाई बोलावलं तर?"

 शिवलीलाने नुसती चप्पल घातली.

गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. तिच्या सावलीत चौघं उभे राहिले. तिघांच्या हातात तीन फोन. पावणेतीन. तीन. गिरणीवाल्याने विचारलं, "काय हो, वरात यायची हाय काय?" कोणी हसलं नाही. तीन वाजून दहा मिनिटं. आईचा फोन वाजला आणि सगळे दचकले, पण ती कुठल्यातरी कंपनीची जाहिरात होती. शिवलीला घराच्या दिशेने बघत राहिली. आता पुन्हा पडले असतील तर? फोनपर्यंत हातच पोचला नसेल तर? 'मंगळवार, मंगळवार' म्हणत असतील आणि आपण इथे परीक्षा घेत उभे आहोत! तीन वीस.

"बास झालं," आत्या म्हणाली. "माज्याच्यानं थांबवत न्हाई."

शिवलीला तिच्याही आधी पळत सुटली. पण दारात न जाता ती खिडकीशी थांबली. टाचा उंचावून तिने आत पाहिलं. मागून आत्या धापा टाकत आली आणि तिनेही गजांना कपाळ टेकलं.

अज्जा पडले नव्हते. ते जमिनीवर बसले होते. फोन त्यांच्यासमोर होता, उजळलेला. ते त्याच्यावर बोट टेकवत होते, पुन्हा पुन्हा, पण मोरावर नाही, वेलीवर नाही, चांदण्यांवरही नाही. चौथ्या काळ्या चौकोनावर. तिथे काहीच होत नव्हतं. मग ते हळूहळू उठले, शिवलीलाच्या उशीवरची पिवळी चादर घेऊन आले, दोन हत्तींची. ती जन्मली तेव्हा त्यांनी स्वतः काढलेली नक्षी. ती चादर त्यांनी फोनशेजारी उलगडली. एकदा हत्तींकडे पाहिलं, एकदा फोनकडे. परत हत्तींकडे. जणू कोणीतरी एक घडी ठेवायची विसरलं होतं आणि ती कोणाची, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"आगं बाई," आत्या पुटपुटली. "तुलाच बोलवायलेत की गं."

शिवलीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्याकडे फोन नाही, म्हणून तिने स्वतःला चौकोनच दिला नव्हता. ज्याच्यासाठी घडवायचं त्याला आधी कोण हवं असतं, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

ती आत गेली. हत्तींचा फोटो काढून तिने चौथ्या चौकोनात बसवला. नंबर तूर्त आईचा घातला, आईचा फोन मुठीत घेतला आणि एक शब्द न बोलता पुन्हा बाहेर पडली. गिरणीपर्यंत पोचलीही नव्हती, तोच मूठ थरथरली. फोन वाजत होता. तिने तो उचलला नाही. ती नुसती पळाली आणि दारातून आत शिरत म्हणाली, "आले, अज्जा!"

अज्जांनी रिकामी कपबशी तिच्यापुढे धरली. "छत्री," ते ऐटीत म्हणाले.

आईने चहा टाकला. सगळे एकदम बोलायला लागले.  आत्याने कप खाली ठेवला.

"शिवे, एक सांग. उद्या अकराला ते हत्ती दाबतील. फोन वाजणार आईकडं. तू तर शाळेत. हत्ती दाबून येल आली, म्हंजी तुजी आई आली, तर त्यांचा इस्वास ऱ्हाईल व्हय?"

 पावणेचार वाजले होते. पिशवी अजून कोपऱ्यात होती आणि विभूतीची डबी पिशवीत.

शिवलीलाने दप्तर ओढलं. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर कार्यालयाचा नंबर छापलेला होता. तो तिने एकेक आकडा बघून हत्तींच्या मागे घातला, दोनदा तपासला आणि हत्तींवर बोट ठेवलं.

रविवार होता. बंद शाळेत घंटी वाजत राहिली. चार वेळा, सहा वेळा, आठ वेळा. आत्याने घड्याळाकडे पाहिलं. शिपाई मल्लप्पामामा शाळेच्या आवारातच राहत, पण ते झोपले असतील, गावाला गेले असतील...

"कोण हाय रविवारचं?" फोनमधून झोपाळलेला आवाज आला.

"मामा, मी शिवलीला, सातवी ब. मामा, उद्यापासून या फोनवर कोणी नुसतं छत्री, नाहीतर हौदू, नाहीतर मंगळवार म्हणालं, तर ठेवून देऊ नका हां. ते माझे अज्जा आहेत. मला बोलवा."

 "मोठ्या बाईंना इचारावं लागंल की, पोरी."

"मी प्रार्थनेच्या आधी येऊन विचारते. पण त्या येईपर्यंत तरी?"

"तवर मी हाय की फोनपाशी. छत्री म्हणलं की सातवी ब. बरं?"

आत्या उठली. तिने पिशवीची चेन उघडली, आतून दोन धोतरं काढली, बंडी काढली आणि विभूतीची डबी अज्जांच्या हातात दिली. "पुढच्या रविवारी येते बघायला," ती बाबांना म्हणाली. "आन् अप्पा, चांदण्या दाबायला इसरू नका. मलाबी बरं वाटंल."

"हौदू," अज्जा म्हणाले.

आणि शिवलीलाने काय केलं? तिने हत्तींच्या चादरीची घडी घातली, घडीवर फोन उभा टेकवला आणि त्याच्याकडे तोंड करून ती एकेक पाऊल मागे जायला लागली. सात पावलांत खोली संपली. उरलेली तीन तिने उंबऱ्याबाहेर, गल्लीत टाकली. तिथे थांबून, डोळे जराही बारीक न करता, तिने चारही चौकोनांकडे पाहिलं.